नापासआत्याची बिस्किटं

नाकाने कांदे सोलणाऱ्या बायका जगात कमी नाहीत, पण त्याचा महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी बाई एकच, आणि ती म्हणजे ही आत्या. उभी हयात तिने बिस्किटांच्या कारखान्यात काढली, आणि तिथे तिचं काम काय, तर खोट काढणं. भट्टीतून निघालेली बिस्किटं लांबलचक पट्ट्यावरून सरकत यायची आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगांना वेचणीच्या बायका उभ्या असायच्या. मोडकं, करपलेलं, फुगलेलं, कडेचा टवका गेलेलं बिस्किट दिसलं की उचलायचं आणि पायाशी ठेवलेल्या पिंपात टाकायचं. त्या पिंपाला कारखान्यात सगळे 'नापास' म्हणत. आत्याचा हात त्या पिंपाकडे इतका झपकन जायचा, की बिस्किटाला काय झालं होतं हे शेजारणीला दिसायच्या आत ते खाली गेलेलं असायचं. तिथेच तिचं 'नापासबाई' नाव पडलं आणि घरी भाच्याने त्याचं 'नापासआत्या' केलं. तिला काही त्याचा राग नव्हता. उलट कुणी नवीन माणूस आलं की ती स्वतःच त्या नावाची गोष्ट सांगायला बसायची.

आता कारखान्यातलं काम कारखान्यात ठेवून घरी यावं की नाही? छे! भाजीवाल्याकडे गेली की तो आधी हातच जोडायचा. "बाई, तुम्ही टोपलीत हात घालू नका, मी निवडून देतो."

"तू देशील किडकी."

"मग घेऊ नका!"

"तर काय, घेतेच आहे मी!" असं म्हणून ही तरातरा घरी यायची आणि कोरडा पाव चहात बुडवून जेवण उरकायची. पावालाही नावं ठेवायची, पण निदान पाव उलटून बोलत नसे.

लग्नाचं तेच. स्थळं आली नाहीत असं कुणी म्हणू नये, चांगली ओळीने आली. एकाचे दात पुढे. एक चहा पिताना फुर्र आवाज करतो. एकाची आई फार बोलते. दुसऱ्याची आई तोंडच उघडत नाही, म्हणजे आतल्या गाठीची असणार! कारखान्यात यंत्रांना तेल घालणारा एक जण होता, माणूस सोन्यासारखा. त्याने स्वतः येऊन विचारलं, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत, मान खाली घालून. आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तेलाचा डबा उचलून उचलून तुमचा एक खांदा उतरलाय." झालं. त्याने पुढच्या वर्षी पॅकिंगमधल्या एका हसऱ्या मुलीशी लग्न केलं. ती दोघं आजही संध्याकाळी बागेच्या बाकावर बसलेली दिसतात आणि आत्या तिकडून जायचं टाळते. विचारलं तर म्हणते, त्या रस्त्याला फार खड्डे आहेत.

अशी ही बाई कामावरून कायमची सुटली तेव्हा तिच्याकडे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा होती आणि नावं ठेवायला समोर कुणी नव्हतं. भिंतींना तरी किती दिवस नावं ठेवणार? म्हणून तिने भाच्याला निरोप धाडला, की बायकोला घेऊन इकडेच राहायला या, तुमची ती खोली म्हणजे काय खोली आहे? तेही बिचारे आले. भाचा टायरच्या गोदामात कामाला, सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो, आणि घरात दोन्ही बायकांच्या मधे मिठाची गुळणी धरून बसतो. भाचेसून चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. अंगाने किरकोळ, पण उत्तर द्यायला कच्ची नाही. आणि त्यांची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांची, मुंगी. कसलातरी कण चिमटीत धरून सगळ्या घरभर गुपचूप फिरायची म्हणून मुंगी.

मुंगीवर आत्याचा जीव होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीही तिला कैदाशीण म्हणेल. पोर तिच्याच मांडीवर वाढली. तापली तर आत्या बसूनच असायची, डोळ्याला डोळा लावायची नाही. पण माया करायची तिची तऱ्हा एकच. "फ्रॉक उलटा घातलायस." "भांग वाकडा." "हत्ती काढलास होय? मला वाटलं वांगं." आणि वर खो खो हसायचं. मुंगी हसायची नाही. ती आतल्या खोलीत जायची आणि हत्ती खोडायची. पुन्हा काढायची, पुन्हा खोडायची, कागद फाटेपर्यंत.

सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी भाचेसुनेला बोलावून घेतलं. मुंगी वर्गात हात म्हणून कशाला लावत नाही, बाई म्हणाल्या. चित्र नाही, अक्षर नाही. सगळी मुलं मातीचे बैल-बकऱ्या करतात तेव्हा ही हात मांडीत घेऊन बसते. विचारलं तर म्हणते, वाईट होईल. सुट्टीनंतरही असंच राहिलं तर तिला त्याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल, आणि एकदा मैत्रिणी पुढे गेल्या की असली मुलं आणखीच मिटतात. त्यापेक्षा सुट्टीत तिच्याकडून घरी काहीतरी करवून घ्या, बाई म्हणाल्या. सोपा सोपा खाऊ करू दे. हात बरबटू देत. तिथे बरोबर नाही, चूक नाही, शेवटी पोटातच जायचं आहे.

भाचेसुनेने घरी येऊन हातातली पर्सही न ठेवता हे सांगितलं. भाचा ताटातल्या घासाकडे बघत राहिला. आत्या मात्र म्हणाली, "खाऊ करून पोरं पुढच्या वर्गात जातात होय? हे मला आजच कळलं! मग त्या बाईंनी शाळेत फळा कशाला टांगलाय, कढई टांगायची!"

पण मनातून तीही हादरली होती. मुंगी त्याच वर्गात बसणार, म्हणजे मुंगी नापास. हा शब्द तिने जन्मभर हजारदा वापरला होता, पण घरातल्या पोरीला तो लागेल असं तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. हे नेमकं कुणामुळे झालं, हा प्रश्न काही तिला पडला नाही. तिने खुशाल बाईंना नावं ठेवली.

तर सुट्टी लागली आणि खाऊ सुरू झाला. हल्ली घरोघरी हीच थेरं चालतात. समोरच्या दारातली बाई तर रोज फोन उभा करून लेकीचं चित्रण करायची. केक आईने भाजायचा, क्रीम आईने लावायचं, ओटा आईने पुसायचा, आणि पोरीने वर एक चेरी ठेवायची. तीही आईने बोट धरून. मग जगाला सांगायचं, "सगळं पिल्लूने केलं हं!" पिल्लू तेवढ्यात आतल्या खोलीत कार्टून बघायला पळालेलं असायचं. आत्या हे दारातून बघायची आणि तिच्या जिभेला धार चढायची. या एका बाबतीत तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

भाचेसून मात्र खरंच मनापासून करत होती. पहिल्या दिवशी तिने बिस्किटांचा चुरा करून, त्यात लोणी आणि मध कालवून गोळे वळायचं ठरवलं. मुंगीच्या हातात वाटी दिली आणि सांगितलं, फोड खुशाल, कर चुरा. मुंगीने भीतभीत पहिलं बिस्किट दाबलं. खोलीच्या दारातून आवाज आला, "अगं अगं अगं! उभा जन्म मी मोडकी बिस्किटं वेचून बाहेर काढली, आणि ही बया धडधाकट बिस्किटं मोडायला शिकवतेय पोरीला!"

मुंगीने वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या वेळी काडीला फळं ओवायची होती. याहून सोपं काय असणार? मुंगीने द्राक्ष ओवलं, केळ्याचं चाक ओवलं, आणखी एक केळ्याचं चाक ओवलं. "लागोपाठ दोन केळी?" आत्या म्हणाली. तेवढंच म्हणाली हो, वाकडं असं काही नाही. मुंगीने एकेक फळ काडीवरून उतरवून ताटलीत ठेवलं आणि आईला म्हणाली, "मला नाही करायचं. तू कर, मी बघते."

तिसऱ्या वेळी पावाच्या तुकड्यांना लोणी लावून त्यावर साखरेचे रंगीत दाणे भुरभुरायचे होते. आत्या समोर येऊन नुसती बसली. एक शब्द बोलली नाही, फक्त नाक वर केलं. पोरीचा हात दाण्यांच्या डबीपर्यंत जाऊन मागे आला.

भाचेसुनेने हातातली सुरी आपटली. "आत्या, तुम्हाला कळतंय का काय चाललंय ते? ही पोर तुमच्याकडे बघून हात मागे घेते. तुमच्याकडे बघून! शाळेतल्या बाईंना मी काय सांगू, की घरातच परीक्षक नेमून ठेवलाय म्हणून?"

"मी काय केलं? मी बोलले तरी का?"

"तुम्ही बोलायला कशाला पाहिजे! उभा जन्म एक बिस्किट केलं नाहीत तुम्ही, नुसती टाकलीत. करणाऱ्याला काय होतं ते तुम्हाला कुठून कळणार?"

असं तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. घर तिचं, छप्पर तिचं, आणि ही काल आलेली पोरगी! आत्या फणकाऱ्याने उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली सायकलवाला चाकातली तार सरळ करत होता. नेहमी त्याला वरून ओरडून सांगायची, वाकडीच राहिलीय म्हणून. त्या दिवशी तिने त्याला काही सांगितलं नाही. पोर माझ्याकडे बघून हात मागे घेते, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. खोटं आहे, असं तिने स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं, पण ते काही पटेना.

सुट्टी संपत आली. शेवटच्या रविवारी बिस्किटं करायचा बेत होता. साधी, पीठ, लोणी आणि साखरेची, लाटायची आणि साच्याने कापायची. भाचेसुनेने सकाळी गोळा मळून ठेवला, आणि तेवढ्यात दुकानातून फोन आला, कामावरची दुसरी मुलगी तापाने पडली आहे, तुम्हाला यावंच लागेल. भाचा गोदामात. मुंगी टेबलापाशी लाकडी साचे ओळीने मांडून बसलेली. एक बदक, एक चांदणी, एक नुसता गोल. भाचेसून पर्स घेऊन दारात घुटमळली. मग आत्याकडे वळली. रागाने नाही, काकुळतीला येऊन.

"आत्या, मी पाया पडते तुमच्या. ओव्हन लावून ठेवलाय, फक्त ट्रे आत सरकवायचा. तिला करू द्या. कशीही होऊ देत. तोंडातून एक अक्षर काढू नका."

"नाही काढत गं. मला काय पोरीचं वाईट करायचंय?" आत्या म्हणाली, आणि हे ती अगदी खरं बोलत होती.

तिने दोन लवंगा तोंडात टाकल्या, म्हणजे जीभ गुंतून राहील. टेबलापाशी खुर्ची ओढून बसली. गोळ्याचं पातेलं आपल्या उजव्या हाताशी स्टुलावर घेतलं, आणि नजर मुद्दाम खिडकीबाहेर लावली. बघायचंच नाही, मग बोलायचा प्रश्नच कुठे येतो? जन्मात पहिल्यांदा तिने असा निर्धार केला होता आणि स्वतःवर ती भलतीच खूश होती.

मुंगीने थोडा वेळ वाट बघितली. आत्या काही बोलत नाही असं दिसल्यावर तिने गोळ्यातला तुकडा घेतला. दोन्ही हातांनी दाबला. लाटणं फिरवलं. लाटी एकीकडे जाड, दुसरीकडे कागदासारखी झाली, कडेने नकाशा निघाला. मुंगीने चोरून आत्याकडे बघितलं. आत्या खिडकीबाहेर. मग मुंगीने बदकाचा साचा उचलून दाबला, आणि बदक ट्रेवर ठेवलं. चोच तुटली होती, पण बदक होतं. मग दुसरं बदक. मग चांदणी. पोरीच्या कपाळाला पीठ लागलं, जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली. स्वतःशी काहीतरी पुटपुटत ती साचे दाबत सुटली.

आत्याला ती पुटपूट ऐकू येत होती. बरं वाटत होतं तिला, खूप बरं वाटत होतं. लवंग चघळत, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत ती मनात म्हणत होती, बघा म्हणावं भाचेसूनबाई, जमतं की नाही मला! भाच्यालाही सांगू, बाईंनाही जाऊन सांगू.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. जीभ लवंगेला गुंतवली, डोळे खिडकीला, पण हाताचं काय? तिचा उजवा हात ट्रेच्या कडेला टेकलेला होता आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. बोटांखाली चोच तुटलेलं बदक लागलं. बोटांनी ते उचललं आणि बाजूच्या पातेल्यात टाकलं. मग दुसरं. मग चांदणी, एक टोक कमी असलेली. हात ट्रेवरून पातेल्याकडे आणि पातेल्यावरून ट्रेकडे, तसाच झपकन, तसाच बिनआवाज, उभा जन्म जसा फिरला तसा फिरत राहिला. बाईला पत्ताच नाही. बाई चादरी बघतेय.

मुंगीला जरा उशिरा कळलं. ट्रे भरत का नाही म्हणून तिने मान वर केली, आणि तिला तो हात दिसला. तिने आत्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंड शांत होतं, जवळजवळ हसरं. मुंगी रडली नाही, ओरडली नाही. तिने थोडा वेळ हात कसा चालतो ते नीट बघून घेतलं. मग साचा खाली ठेवला आणि ती स्वतःच वेचू लागली. एक बदक पातेल्यात. एक गोल पातेल्यात. अगदी तसंच, दोन बोटांच्या चिमटीने, मनगट न वाकवता. दोघी मिळून वेचत बसल्या.

"झालं का गं?" लवंग गिळून आत्या एकदाची म्हणाली. "चल, सरकवू या आत." ती वळली. ओव्हन तापून लाल झालेला आणि ट्रे कोरा.

आधी तिला कळेचना. मग तिला आपला हात दिसला. पातेल्याच्या वर अधांतरी, चिमटीत शेवटची चांदणी. मुंगी समोर बसली होती, हात मांडीत, फ्रॉकखाली लपवलेले.

"अगं... कुठे गेली सगळी?"

"नापास झाली," मुंगी म्हणाली. शांतपणे म्हणाली, अगदी आत्याच म्हणेल तशी.

आत्याने घाईघाईने पातेल्यात हात घातला, एक चेपलेलं बदक बाहेर काढलं आणि ते पोरीच्या नाकासमोर नाचवलं. "हे बघ, हे किती छान झालंय! वा! काय सुरेख बदक आहे!"

मुंगीने तिच्याकडे बघितलंही नाही. "खोटं. तूच टाकलंस."

आत्याने बदक खाली ठेवलं. भाचेसून येईल, कोरा ट्रे बघेल, एक अक्षर न बोलता पर्स खुंटीला लावेल. उद्या नाही तर परवा शाळा उघडेल, आणि ही पोर अशीच हात लपवून त्याच वर्गात बसेल, तिच्या मैत्रिणी दुसऱ्या खोलीत. आणि या वेळी कुणावर ढकलणार? बाईंवर, भाचेसुनेवर, की फळ्यावर? तिथे दुसरं कुणी नव्हतंच. आत्याला स्वतःची इतकी चीड आली की तिने तोच उजवा हात टेबलावर आपटला.

"थांब," ती म्हणाली. "मी करते. मी करून दाखवते, मग तर झालं? कारखान्यात काय मी झोपा काढल्या?"

आता मजा बघा. लाखो बिस्किटं त्या बाईच्या डोळ्यांखालून गेलेली, पण पिठाला तिने कधी बोट लावलं नव्हतं. तिने गोळा घेतला आणि तसाच टेबलावर थापला. खाली पीठ भुरभुरायचं असतं, हे कुणी सांगायचं? लाटणं फिरवलं तर लाटी लाटण्याला गुंडाळून वर आली. ओरबाडून काढली, पुन्हा थापली, साचा दाबला. बदक साच्यातच बसलं. सुरीच्या टोकाने उकरून काढलं तेव्हा त्याला ना चोच होती ना शेपटी. आत्याने ते अलगद तळहातावर घेऊन ट्रेवर ठेवलं.

मुंगी बघत होती. फ्रॉकखालचा एक हात बाहेर आला, ट्रेपर्यंत गेला, बदक उचललं आणि पातेल्यात टाकलं.

"अगं! का? काय वाईट होतं त्याला?"

"डोकं नाही."

आत्याने दुसरं केलं. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले. मुंगीने तेही उचललं. "जाड."

"भाजलं की बसेल की ते खाली! जरा धीर धर ना!" आत्या चक्क भांडायला लागली, एका बिस्किटासाठी. तिसरं केलं, चांदणीचं, आणि ते तिला खरंच बरं वाटलं. एक टोक जरा लांबलं होतं, पण काय बिघडलं? तिने ते ट्रेच्या मधोमध ठेवलं, आणि वाट बघू लागली. पोर काय म्हणते म्हणून तिच्या छातीत धडधडत होतं, या वयात!

मुंगीने चांदणी चिमटीत धरली, उजेडाकडे फिरवली, आणि पातेल्यात सोडली.

आत्याला रडू आलं. खरंखुरं रडू, कुणी जिवाभावाचं गेल्यावर येतं तसं. एका पिठाच्या तुकड्यासाठी आपण रडतोय याची तिला लाज वाटली आणि तरीही थांबवता येईना. केलेलं असं समोरून उचलून टाकलं की इतकं लागतं, हे तिला माहीतच नव्हतं. कसं असणार? पट्ट्याच्या त्या टोकाला भट्टीवर कोण उभं असतं, हे बघायला ती एकदाही गेली नव्हती. तिने पदराने नाही, पिठाच्याच हाताने डोळे पुसले. सगळं तोंड पांढरं झालं. मग नाक ओढत चौथा तुकडा घेतला आणि पुन्हा तसाच टेबलावर थापला.

"अगं आत्याआजी, पीठ!" मुंगी वैतागून म्हणाली.

"काय?"

"खाली पीठ घालायचं असतं. आई घालते. त्याशिवाय चिकटतं. एवढं पण नाही येत तुला?" पोर खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून आली, आणि दोन्ही कोपरांनी आत्याला ढकलायला लागली. "सरक. सरक तिकडे. नाही जमत तुला."

आत्या सरकली. मुंगीने पीठ भुरभुरलं, इतकं की दोघींच्या अंगावर सांडलं. दोन्ही हात गोळ्यात खुपसले. लाटी पुन्हा तशीच नकाशासारखी झाली, बदकाची चोच पुन्हा तुटली. मुंगीने ते बदक ट्रेवर ठेवलं आणि आत्याच्या उजव्या हाताकडे बघितलं.

हात उचललाच होता. आत्याने तो खाली ओढला, मांडीखाली घातला आणि त्यावर बसली.

"बघ बघ, असं उचलायचं असतं साच्यातून," मुंगी म्हणाली, आणि दुसरं बदक ठेवलं. ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. मग आणखी एक. "तू नुसती बसू नकोस. ते तुझं जाड झालेलं परत मळून दे. डाव्या हाताने मळ."

आत्याने डाव्या हाताने मळलं.

भाचेसून आली तेव्हा जिन्यापर्यंत भाजल्याचा वास होता. पायऱ्या चढताना ती घाबरलेलीच होती. दार ढकललं तर टेबल, जमीन, खुर्च्या, सगळं पिठाने माखलेलं. ट्रेवर गच्च भरलेली बिस्किटं, एकही सरळ नाही. काही करपलेली, काही मधे कच्ची, बिनडोक्याची बदकं एकमेकांना चिकटलेली. त्यांच्यापुढे आत्या बसलेली, तोंड पांढरंफटक, आणि एक हात अजून मांडीखालीच.

"कुणी केली ही?" भाचेसुनेने विचारलं.

"मी," मुंगी म्हणाली. "सगळी मी. आत्याआजीला काहीच येत नाही."

भाचेसून दचकली. या घरात आत्याला कुणी उलटून बोललं की पुढे तीन दिवस घर शांत नसे. तिने भीतभीत आत्याकडे बघितलं.

"नाही येत," आत्या म्हणाली. "खरंच नाही येत मला."